महागडं ताट: परवडतं, पण पटतं का?

डिसेंबर-जानेवारीत कतारमधल्या मेसईदच्या मराठी घरांत पाहुण्यांची वर्दळ असते. उन्हाळ्यात कोणी फिरकत नाही. पंचेचाळीस अंशांत कोणाला आणून काय दाखवणार? थंडीत मात्र पुण्या-नाशिकहून आईवडील, सासूसासरे, मेहुणा-मेहुणी येतात आणि कार्यक्रम जवळपास ठरलेला असतो. सीलाइनच्या वाळूच्या टेकड्या, मग गाडीने खोर अल अदैद, म्हणजे वाळवंटात आत शिरलेला समुद्र, आणि एखादा दिवस ४० किलोमीटरवरच्या दोहाचा: सूक वाकिफचा बाजार, इस्लामिक कला संग्रहालय. वाळवंटातल्या सफरीत माणशी दोन-तीनशे रियाल गेले तरी कोणी ब्र काढत नाही. पण संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर नावाजलेल्या फ्रेंच शेफचं रेस्टॉरंट आहे, तिथे एकदा जेवू या, असं कोणी म्हणालं की घरात दोन तट पडतात. समजा माणशी ४०० रियाल लागणार. एक तट म्हणतो, इतक्या लांब आलोय तर होऊन जाऊ दे. दुसरा म्हणतो, चार घासांचे एवढे पैसे?

माणसं तीच, सुट्टी तीच, रकमाही फार दूरच्या नाहीत. मग एका खर्चाला मान डोलते आणि दुसऱ्याला कपाळावर आठी का येते?

पहिलं उत्तर सोपं आहे. वाळवंटातल्या सफरीला आपल्या घरी भावच नाही. जेवणाला आहे. वरण-भात, पोळी-भाजी किती खर्चात होते हे आपल्याला पाठ असतं, त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक ताटाशेजारी घरचं एक न दिसणारं ताट मांडलेलं असतं. पण एवढ्यावर कोडं सुटत नाही, कारण तेच चारशे रियाल खर्चून आलेल्या दोघांपैकी एक वर्षभर त्या जेवणाबद्दल बोलतो आणि दुसरा परतताना गाडीतच हळहळतो.

पैसे नेमके कशाचे?

रेस्टॉरंटच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो: बिलातला साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही कमी, कच्च्या मालाचा. बाकी पगार, भाडं, वीज, काचसामान, धुलाई आणि उरलाच तर नफा. महागड्या ठिकाणी माल महाग असतो हे खरं. कतारमध्ये तर बहुतेक खाणं बाहेरूनच येतं. २०१७ मध्ये शेजारी देशांनी नाकेबंदी केली तेव्हा दुधासाठी गाईसुद्धा विमानाने आणल्या होत्या. तरी बिलाचा मोठा वाटा मालाचा नसतो. तो खुर्चीचा आणि हातांचा असतो.

आधी खुर्ची. उडुप्याकडे एका खुर्चीवर दिवसभरात पंधरा-वीस माणसं बसून उठतात. फाइन डायनिंगमध्ये तीच खुर्ची एका संध्याकाळी एकदा, फार तर दोनदा विकली जाते. नाटकाच्या तिकिटासारखंच आहे हे: पडदा वर गेल्यावर ती जागा त्या रात्रीपुरती तुमची, आणि रिकामी राहिली तर तिचा पैसा कायमचा बुडाला. म्हणून अशा ठिकाणी आगाऊ नोंदणी, न आल्यास दंड वगैरे भानगडी असतात.

आता हात. मेसईदकरांना हा मुद्दा कळायला लांब जायला नको. या गावाचं जुनं नाव उम्म सईद. १९४९ च्या अखेरीस दुखानचं कच्चं तेल घेऊन पहिलं जहाज इथून निघालं आणि पुढे सत्तरच्या दशकात खत, पोलाद, पेट्रोकेमिकल्सचे कारखाने उभे राहिले. काफ्को या खत कंपनीचं उत्पादन १९७३ मध्ये सुरू झालं. आज तिची युरियाची क्षमता वर्षाला सुमारे ५६ लाख टन आहे. ही वाढ मुख्यतः यंत्रांची, माणसामागे निघणाऱ्या मालाची. पण माशाचे काटे चिमट्याने काढणाऱ्या स्वयंपाक्याचा वेग १९७३ मध्ये होता तेवढाच आजही आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये संगीत-नाटकांच्या खर्चाबद्दल हेच दाखवलं: चार वादकांची रचना वाजवायला पूर्वी चार माणसं लागायची, आजही चारच लागतात. कारखान्यांत पगार वाढले की वादकांचेही वाढवावे लागतात, नाहीतर ते वाद्य ठेवून कारखान्यात जातील. उत्पादन तेवढंच, पगार वाढलेला, म्हणजे तिकीट महाग. हाताने होणारं प्रत्येक काम असं वर्षागणिक महागत जातं.

यातून मालक गब्बर होत असतील असं वाटतं, पण स्पेनमधलं एल बुयी जगात अव्वल म्हणून गाजत असताना तोट्यात चालत होतं आणि २०११ मध्ये बंद झालं. कोपनहेगनच्या नोमाचे रेने रेझेपी यांनीही जानेवारी २०२३ मध्ये सांगून टाकलं की या पद्धतीचा धंदा टिकणारा नाही. आखातात या हिशेबाला एक बोचरी बाजू आहे. कतारमध्ये मार्च २०२१ पासून मूळ किमान वेतन महिना १,००० रियाल आहे, राहण्या-जेवणाचे भत्ते वेगळे. आपल्या चौघांच्या जेवणाचं बिल १,६०० रियाल. हे माहीत असून घास गोड लागतो की नाही, हे ज्याचं त्याने बघावं. मला तो आकडा टेबलावर बसल्यावर आठवतोच.

अजून एक गंमत. युरोपात अशा रेस्टॉरंटांचा बराच नफा वाइनमधून येतो आणि त्यामुळे जेवणाचे दर थोडे आवाक्यात राहतात. म्हणजे दारू न पिणारा माणूस शेजारच्या टेबलाच्या जिवावर स्वस्तात जेवत असतो! कतारमध्ये दारू मिळते ती परवाना असलेल्या हॉटेलांत. संग्रहालयातल्या रेस्टॉरंटमध्ये ती मुळीच नाही, त्यामुळे तिथे हा भार ताटावर नाहीतर चालवणाऱ्याच्या खिशावर पडतो.

किनारा तोच, भाव दोन

किमतीची चिरफाड झाली तरी ती पटेलच असं नाही. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये एक प्रश्न मांडला. तुम्ही समुद्रकिनारी पडला आहात, मित्र थंडगार बीअर आणायला निघाला आहे, जास्तीत जास्त किती पैसे द्याल? बीअर आलिशान हॉटेलातून येणार असं सांगितलेल्यांचं उत्तर साधारण २.६५ डॉलर होतं. कळकट किराणा दुकानातून येणार म्हटल्यावर १.५० डॉलर. बाटली तीच, प्यायची जागाही तीच वाळू, हॉटेलातली गादी किंवा गार हवा यातलं काही मिळणार नाही. तरी फरक डॉलरहून जास्त.

थेलर यांचं म्हणणं असं की खरेदीत आपण दोन वेगळ्या गोष्टी मोजतो. एक, वस्तूपासून मिळणारं सुख. दुसरी, सौदा रास्त झाला की फसलो ही भावना. महागड्या जेवणात पहिली बाजू भरभक्कम असूनही दुसरी माती खाते, कारण मनातला रास्त भाव घरच्या स्वयंपाकघरातून आलेला असतो. सफरीच्या बाबतीत हा दुसरा तराजूच नसतो.

परक्या चलनाने या तराजूला आणखी झोका बसतो. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी २००२ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की परक्या चलनात आकडा लहान दिसला तर माणूस हात सैल सोडतो आणि मोठा दिसला तर आखडता घेतो. दर माहीत असूनही नजर छापलेल्या आकड्यावरच अडते. रियाल अमेरिकी डॉलरला ३.६४ या दराने बांधलेला आहे आणि सध्या वीस-पंचवीस रुपयांच्या घरात असतो. ४०० हा आकडा किरकोळ वाटतो. नऊ-दहा हजार रुपये म्हटलं की घशाला कोरड पडते.

इथे मराठी घरात दोन पिढ्यांची दोन गणितं चालतात. मेसईदला आठ-दहा वर्षं काढलेल्या मुलाने रुपयांत मोजणं कधीच सोडलेलं असतं. वडील मात्र पाण्याच्या बाटलीलाही मनात गुणाकार करतात. दोघंही थोडे चुकतात. मुलगा बघतो तो आकडा लहान, वडील लावतात तो भाव पुण्याचा. कामाचं मोजमाप तिसरंच: इथल्याच एखाद्या नीटनेटक्या रेस्टॉरंटमध्ये माणशी किती लागतील, आणि त्यावर मोजायचे जास्तीचे रियाल आपण आणखी कशावर खर्च केले असते? हा दुसरा प्रश्न आपसूक सुचत नाही. शेन फ्रेडरिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की ‘विकत घेऊ नका’ या पर्यायापुढे ‘ते पैसे दुसऱ्या कशासाठी राखा’ एवढं नुसतं जोडलं तरी खरेदी करणाऱ्यांचं प्रमाण ठळक घटतं. म्हणून चारशे रियाल की वाळवंटातली आणखी एक रात्र, असा प्रश्न घरात मोठ्याने विचारावा. ‘एवढं विमानाचं तिकीट काढलं, त्यात हे काय!’ हा युक्तिवाद मात्र बाद. तिकिटाशेजारी ठेवलं तर काहीही स्वस्तच दिसतं.

किंमत जिभेवरही चढते

२००८ मध्ये हिल्के प्लासमन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना मेंदूच्या प्रतिमा टिपणाऱ्या यंत्रात झोपवून नळीने वाइनचे घोट दिले आणि प्रत्येक घोटाआधी किंमत सांगितली. वाइन तीनच होत्या, किमती पाच. ९० डॉलरची म्हणून दिलेली वाइन १० डॉलरची म्हणून दिलेल्या वाइनपेक्षा जास्त आवडली. दोन्ही वेळा घोट एकाच बाटलीतला. लोक शिष्टाचार म्हणून तसं बोलत नव्हते, कारण सुखाची नोंद ठेवणारा मेंदूचा भागही जास्त उजळत होता. किंमत ऐकून अपेक्षा वाढते, आणि अपेक्षेने चवीचा अनुभवच बदलतो.

त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास याला जोडून वाचावा. रॉबिन गोल्डस्टीन आणि मंडळींनी सहा हजारांहून अधिक वेळा लेबल झाकून वाइन चाखवली. किंमत कळत नसेल तर सर्वसामान्य माणसाला महागडी वाइन जास्त आवडत नाही. किंचित कमीच आवडते. वाइनचं शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत मात्र असं दिसलं नाही. म्हणजे चढ्या दरातली जी खरी करामत आहे ती ओळखायला जिभेला तालीम लागते. ती नसेल तर आपण किमतीचाच स्वाद घेत असतो. त्यातही सुख आहे, नाही असं नाही.

उंट की दाल?

दोहामधली निवड या मुद्द्यावर फार मजेशीर होते. मिशेलिनची दोहासाठीची पहिली यादी डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली आणि तीत दोनच रेस्टॉरंटांना एकेक तारा मिळाला. एक संग्रहालयातलं ‘इदाम’, शेफ आलां द्युकास यांचं, २०१२ मध्ये सुरू झालेलं, अंतर्गत सजावट फिलिप स्टार्क यांची. दुसरं शेरेटनमधलं ‘जमावार’, चक्क भारतीय. बंगळूरच्या लीला पॅलेसमध्ये सुरुवात, २०१६ मध्ये लंडन, मग दोहा.

तारा म्हणजे काय, हे थोडक्यात. टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. लोक गाड्या पळवतील तर टायर झिजतील हा सरळ व्यापार. १९२६ मध्ये तारे आले. एक तारा म्हणजे वाटेत असेल तर थांबावं, दोन म्हणजे वाट वाकडी करावी, तीन म्हणजे खास त्यासाठी प्रवास करावा. परीक्षक नाव न सांगता जेवतात आणि मोजतात ते फक्त पदार्थ: मालाचा दर्जा, हातखंडा, चवींचा मेळ, शेफची स्वतंत्र ओळख आणि दर वेळी तेच निघतं का. सजावट, खिडकीतला देखावा, वाढप्याचं अगत्य यांना त्यात गुण नाहीत. गंमत अशी की बिलाचा बराच भाग ज्या खुर्चीसाठी आणि थाटासाठी जातो, त्याबद्दल तारा काहीच सांगत नाही.

आता मराठी कुटुंबापुढचा पेच. जमावारमध्ये मसाला ओळखीचा. दाल उत्तम झाली आहे की नुसती बरी, हे सांगायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तालीम जन्मापासूनची आहे. पण तीच ओळख उलटते, कारण न दिसणारं घरचं ताट इथे अगदी शेजारी येऊन बसतं आणि ‘हे तर घरी होतं’ हे वाक्य दुसऱ्या घासाला निघतं. इदाममध्ये उंटाचं मांस, त्यावर बदकाचं यकृत आणि काळं ट्रफल हा गाजलेला पदार्थ आहे. त्याच्याशी तुलना करायला घरी काहीच नाही, त्यामुळे सौदा फसल्याची बोचणी कमी. पण तो उंट नावाजण्यासारखा झाला आहे की नाही हे आपल्याला कसं कळणार?

माझं मत विचाराल तर ज्याला स्वयंपाकाची खरी आवड आहे त्याने ओळखीच्या चवीकडे जावं. घरी दाल करणाऱ्या बाईला चांगल्या शेफच्या दालीत जे दिसेल ते त्या टेबलावर दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. ज्याला नवलाईच हवी आहे त्याने खुशाल उंट खावा आणि चवीचा निवाडा करायच्या भानगडीत पडू नये; तो अनुभव वाळवंटातल्या सफरीच्या खात्यावर टाकावा. शाकाहारी पाहुण्यांसाठी फ्रेंच ताट जमेल का हे आधी फोन करून विचारावं. आणि कॅलेंडर बघून टेबल राखावं. संकष्टीला बुकिंग केलेली घरं मला माहीत आहेत.

घास लहान का?

‘पोट भरत नाही’ ही कायमची तक्रार. टेस्टिंग मेन्यूत शेफ सात-आठ छोटे पदार्थ ओळीने पाठवतो. यामागे शरीराचा एक नियम आहे, जो बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडला: एकच चव खात राहिलं की पोट भरायच्या आधी त्या चवीचा कंटाळा येतो, पण दुसरी चव समोर आली की भूक पुन्हा जागी होते. आमरसाच्या चौथ्या वाटीला नको म्हणणारा माणूस कुरडईला हात घालतोच. पहिले तीन-चार घास सर्वांत रसाळ असतात हे ओळखून शेफ प्रत्येक पदार्थाचे तेवढेच घास देतो. किलोच्या भावाने मोजलं तर लूट. सुखाच्या भावाने मोजलं तर तितकी नाही.

आठवणीचाही नियम आहे. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना १४ अंश गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच एक मिनिट, वर आणखी अर्धं मिनिट, त्यात पाणी हळूहळू अंशभर कोमट केलं. पुन्हा कोणतं घ्याल, म्हटल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. अनुभव किती वेळ चालला हे मन फारसं धरत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट धरतं. अशा जेवणात शेवटी भेट म्हणून चॉकलेटं का येतात, शेफ निघायच्या वेळी टेबलापाशी का डोकावतो, ते इथे कळतं. आणि बिल नेमकं त्याच शेवटावर येऊन आदळतं. ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९८ मध्ये दाखवलं की सुट्टीसारख्या सुखाचे पैसे लोकांना आधी भरून टाकायला आवडतात. मग उपभोगताना खर्च टोचत नाही. आगाऊ पैसे घेणारं रेस्टॉरंट म्हणूनच वाटतं तितकं वाईट नाही.

वाट बघण्याचंही सुख असतं. नेदरलँड्समधल्या दीड हजार लोकांच्या २०१० मधल्या अभ्यासात सुट्टीवर जाणारे लोक इतरांपेक्षा जास्त आनंदी आढळले ते सुट्टीच्या आधी. परतल्यावर बहुतेकांत फरक उरला नव्हता. टेबल तीन आठवडे आधी राखलं तर ते तीन आठवडे फुकट मिळतात.

चौकट: टेबल राखण्याआधी
दुपारचा मेन्यू आहे का ते बघा. स्वयंपाकघर तेच असतं आणि दर बहुधा कमी. सेवाशुल्क दरात धरलं आहे की वेगळं, हे विचारा. बाटलीबंद पाणी आणि मॉकटेल यांचे दर वाचा, कारण चारशेच्या सावलीत चाळीस दिसत नाहीत. दहा वर्षांखालच्या मुलांना अडीच-तीन तास बसवणार असाल तर बेत सोडा. एका सहलीत असं एकच जेवण ठेवा, दुसऱ्याची तुलना पहिल्याशी होते. आणि पोट भरलं तर उरलेलं सोडा. पैसे ताट संपवल्याने परत येत नाहीत.

बिल कोण देणार?

आखातातल्या घरांत हा प्रश्न उरतोच. पाहुणे आले की यजमान खिशात हात घालू देत नाही. पण दुसऱ्याच्या पैशांनी झालेल्या सुखाचं माप वेगळं असतं. जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये नाताळच्या भेटवस्तूंबद्दल हिशेब मांडला: भेट मिळणाऱ्याच्या लेखी तिची किंमत, देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा दहा टक्क्यांपासून तीस-तेहतीस टक्क्यांपर्यंत कमी भरते. ज्याला द्यायचं त्याची आवड देणाऱ्याला नीट ठाऊक नसते, एवढंच त्याचं कारण. आईवडिलांसाठी आठशे रियाल मोजणाऱ्या मुलाला वाटतं आपण आठशेचं सुख दिलं. वडिलांच्या लेखी ते कदाचित पाचशेचं असतं आणि त्यातलं निम्मं गुणाकार करण्यात गेलेलं असतं.

मुलांना हे कळत नाही असं नाही, पण विचारायचा संकोच होतो. विचारलं तरी आईचं उत्तर ठरलेलं: ‘आम्हाला काही नको, तुम्ही जाऊन या.’ त्यामुळे प्रश्न वेगळ्या पद्धतीने टाकावा लागतो. जायचं की नाही, असं न विचारता दोन बेत समोर ठेवावेत: इदामची दुपार, किंवा सीलाइनला संध्याकाळी शेगडी, सुरमई आणि शेजारची दोन घरं. वडील कोणत्या बेताबद्दल आधी चौकशी करतात, माशाच्या भावाची की कपडे काय घालायचे याची, त्यावरून बुकिंगचं ठरवावं.